परळचा शिव आणि दहा बोटं

मी दगडी आणि धातूच्या मूर्तींच्या जतनाचं काम करते. माझे मामा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. काचबिंदूनं त्यांची नजर चाळिशीच्या आत गेली. आता त्यांना उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. अंध आणि अंशतः दृष्टी असलेल्या पाहुण्यांसाठी देवादिकांच्या शिल्पांचं एक स्पर्शदालन करायचं झालं तर ते कसं असावं, असं एका संग्रहालयानं मला विचारलं होतं. मी टिपण लिहिलं आणि मामांना वाचून दाखवलं. त्यातलं बरंच त्यांना पटलं नाही, आणि त्यांचंही सगळं मला पटलेलं नाही. पण या विषयावर अंध माणसाची कीव केली जाते, कौतुक केलं जातं, त्याच्याशी भांडत मात्र कुणी नाही. म्हणून आमचं भांडण जसं झालं तसं देते.

मामा: पहिल्या पानावरचा धूप काढून टाक.

मी: सुरुवातच धुपापासून?

मामा: हो. दालनात मंद धुपाचा वास असेल, लांबून घंटा ऐकू येईल, तंबोरा चालू असेल, असं तू लिहिलंयस. डोळसांच्या दालनात यातलं काही आहे का?

मी: नाही.

मामा: मग त्यांना शिल्प आणि आम्हाला धूप, ही वाटणी कुणी केली? अगं, देवळात मी जातो. पंढरपूरला रांगेत उभा राहतो आणि पायांवर डोकं ठेवतो. विठोबा मला तिथं भेटतो. संग्रहालयात मला पाथरवट भेटायला हवा. त्यानं टाकी कुठं रोवली, कुठं हात हलका केला, दगडातली शीर आडवी आली तेव्हा काय केलं, हे मला कळून घ्यायचंय. तू मला देवळाचा वास देऊन परत पाठवतेस.

मी: मामा, पण ती मूर्ती नुसती बघायची वस्तू म्हणून घडलेलीच नव्हती. तिला रोज न्हाऊ घालायचे, चंदन लावायचे, वस्त्रं नेसवायचे. पुजाऱ्याचा हात तिच्या अंगावरून दिवसातून अनेकदा फिरायचा. संग्रहालयात आल्यावर हे सगळं गळून पडलं आणि राहिला दिव्याच्या झोतातला उघडा दगड. डोळस माणसालाही तिथं अर्धीच मूर्ती मिळते. ते हरवलेलं थोडं परत आणावं, एवढाच माझा विचार होता.

मामा: विचार चांगला आहे, मग तो सगळ्यांसाठी कर. मोठ्या दालनातही धूप लाव. फक्त आमच्या खोलीत लावलास तर त्याचा अर्थ एवढाच होतो, की यांना दिसत नाही, तर यांचं मन भक्तीनं रमवू. प्रत्येक अंध माणूस भाविक असतो हे तुला कुणी सांगितलं? माझ्या शाळेत एक अंध मुलगा होता, पक्का नास्तिक. त्याला महिषासुरमर्दिनीचा त्रिशूळ कुठल्या कोनात घुसलाय हे समजून घ्यायचं होतं. त्याला घंटा ऐकवून तू काय करणार?

मी: आणि जो भाविक आहे, त्याचं काय? प्रतिकृतीला हात लावला आणि त्याचे हात आपोआप जुळले, तर?

मामा: जुळू देत. रखवालदारानं त्याला हटकू नये. त्यानं फूल ठेवलं तर संध्याकाळी उचलावं. तो देवासाठी आलाय की दगडासाठी, हे त्याचं त्याला ठरवू दे. तुमच्या दालनानं ते आधीच ठरवून टाकू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

इथं मी टिपणातला तो परिच्छेद खोडला. पूजेची माहिती मात्र ठेवली. मूर्तीला अभिषेक कसा व्हायचा, कोणत्या भागावर चंदन लागायचं, हे श्राव्य वर्णनात यायलाच हवं, यावर मी अडून राहिले. मामांनी ते मान्य केलं, आणि मग वर्णनाकडे वळले.

मामा: तुझं श्राव्य वर्णन ऐकलं. बारावं शतक, बेसॉल्ट, उंची अमुक, मागचे हात भग्न, आयुधं अशी अशी. हे संग्रहालयाच्या नोंदवहीतलं वाक्य आहे. यातून माझ्यासमोर काही उभं राहत नाही.

मी: उभं कसं राहतं?

मामा: तुकोबांना विचार. विठ्ठलाच्या रूपाचा त्यांचा तो अभंग आपण लहानपणापासून म्हणतो. आधी तो विटेवर उभा आहे हे येतं. मग कमरेवरचे हात. मग गळ्यातली तुळशीमाळ, कासेचा पीतांबर, मग कानातली कुंडलं आणि कंठातला मणी. आधी पूर्ण आकृती, मग हात, मग अंगावरचं एकेक. अंध माणसाला शिल्प सांगायचं तर हाच क्रम लागतो. पंढरपूरला माझ्या हाताला फक्त पाय लागतात. पायांच्या वरचा सगळा विठोबा मला अभंगांनी दिलाय. गुलाबराव महाराजांचं बघ. ते नऊ महिन्यांचे असताना डोळे गेले. तरी त्यांची भक्ती निर्गुणाकडे वळली नाही. स्वतःला कृष्णाची पत्नी मानून त्यांनी गळ्यात मंगळसूत्र घातलं, कपाळाला कुंकू लावलं. डोळे नाहीत म्हणून माणसाला रूप नको असतं, हा डोळसांचा समज आहे.

मी: पण अभंगाला मोजमापाची गरज नाही, मला आहे. ऐकणाऱ्याला मूर्ती वीतभर आहे की पुरुषभर, हे कळायला हवं.

मामा: उंची सांग की. पण सेंटिमीटरमध्ये नको. तुझ्या खांद्याला लागेल एवढी, असं सांग. माझं मोजमाप माझ्या अंगात आहे.

यानंतर आम्ही मूळ वादाकडे आलो. तो टाळणं मला शक्य नव्हतं, कारण माझा व्यवसायच त्यावर उभा आहे.

मामा: मला प्रतिकृती नको. मूळ मूर्ती हवी.

मी: ते सरसकट होणार नाही. हातावरचा घाम म्हणजे मीठ आणि आम्लं, त्यात त्वचेचं तेल. कांस्यमूर्तीवर क्लोराइड बसलं तर आतून हिरवट भुकटी सुटायला लागते आणि ती वर्षानुवर्षं धातू खात राहते. भाजलेल्या मातीची मूर्ती तर नखानंही खरवडली जाते. रोममध्ये सेंट पीटरच्या बॅसिलिकेत संत पीटरचा कांस्यपुतळा आहे. यात्रेकरूंच्या हातांनी आणि चुंबनांनी त्याच्या उजव्या पायाची बोटं झिजून एक गुळगुळीत गोळा झाला आहे. आणि लांब कशाला जायचं? पंढरपूरच्या मूर्तीची झीज थांबवायला पुन्हा पुन्हा वज्रलेप करावा लागतो. २०२० मध्येही तो केला. तुम्ही ज्या पायांवर डोकं ठेवता, त्यांचं रक्षण माझ्यासारखीच माणसं करतात.

मामा: म्हणजे तिथं लाखो माणसांचा स्पर्श चालतो, झीज झाली तर लेप लावतात, पण रांग बंद करत नाहीत. आणि संग्रहालयात वर्षाला येणाऱ्या शे-दोनशे अंधांनी दगड झिजेल?

मी: देवळातली मूर्ती झिजणं हा तिच्या आयुष्याचाच भाग आहे. भाविकांनी ती जोखीम पत्करलेली आहे. संग्रहालयानं उलट वचन दिलंय, पुढच्या पिढ्यांसाठी जपण्याचं. त्या पिढ्यांतही अंध माणसं असणार आहेत.

मामा: हे बरोबर बोललीस. पण मग नेमकं सांग. प्रत्येक वस्तूचं वेगळं उत्तर असेल ना?

मी: आहे. रंग नसलेला, भुगा न सुटणारा घट्ट बेसॉल्ट स्वच्छ धुतलेल्या हातांना बराच काळ पुरतो. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढायचं, हात कोरडे करायचे, बरोबर एक जाणता माणूस हवा. अशा निवडक मूळ मूर्ती स्पर्शासाठी मोकळ्या करायला मी लिहून देईन. मातीच्या, रंगीत लाकडाच्या, गंज चढत असलेल्या धातूच्या मूर्तींना नाही. तिथं प्रतिकृतीच.

मामा: हातमोजे घालून?

मी: कापडी मोज्यातून टाकीचे बारीक घाव कळत नाहीत. मोजा घालून मूर्ती दाखवणं म्हणजे न दाखवणंच. जिथं मोज्याशिवाय हात लावता येत नाही, तिथं मी प्रतिकृतीच देईन.

हा रस्ता नवा नाही, हेही मी मामांना सांगितलं. इंग्लंडमधल्या संडरलंडच्या संग्रहालयात जे. ए. चार्ल्टन डीस यांनी १९१३ मध्ये अंध मुलांना आणि मोठ्यांना वस्तू हाताळू दिल्या होत्या. इटलीत अँकोना शहरात १९९३ मध्ये ओमेरो हे स्पर्शसंग्रहालय उभं राहिलं. आल्दो ग्रासिनी आणि दानिएला बोत्तेगोनी या अंध दांपत्याची ती कल्पना. देशोदेशीच्या संग्रहालयांत ‘हात लावू नका’ ऐकून ऐकून त्यांनी हात लावायचंच संग्रहालय काढलं. १९९९ मध्ये इटलीच्या संसदेनं कायदा करून त्याला राष्ट्रीय दर्जा दिला. मायकेलअँजेलोच्या ‘पिएता’चा पूर्ण आकाराचा प्लास्टर-साचा तिथं आहे. मांडीवर मृत मुलगा घेतलेल्या मेरीच्या वस्त्राच्या चुण्या तिथं बोटांनी वाचता येतात. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ मध्ये ‘अनुभव’ हे दालन सुरू झालं. त्यात बावीस प्रतिकृती, ब्रेल आणि श्राव्य माहिती अशी योजना होती.

मामा: साचा आणि छापील प्रतिकृती यांत फरक आहे. तू मागच्या महिन्यात मला दिलेला तो त्रिमितीय छापाचा गणपती आठवतो? सोंडेवर आडव्या बारीक रेघा होत्या. मला वाटलं कोरीव काम आहे. दहा मिनिटं मी त्यांचा अर्थ लावत बसलो.

मी: ते यंत्राचे थर होते. एकावर एक थर चढवत ते यंत्र वस्तू तयार करतं.

मामा: डोळस माणसाला ते दिसतात आणि तो सोडून देतो. माझ्यासाठी जे बोटाला लागतं ते सगळं शिल्पच असतं. शिवाय प्लास्टिक कोमट असतं. टिचकी मारली तर पोकळ वाजतं. दगड हाताला गार लागतो आणि थोड्या वेळानं हाताची ऊब घेतो. ते घडलं नाही तर मला ती मूर्ती वाटतच नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी वाटते.

मी: दगडाची भुकटी मिसळून राळेत ओतता येतं. वजन येतं, गारवा येतो. वर पाथरवटाकडून हातानं पृष्ठभाग घासून घ्यायचा. खर्च वाढतो.

मामा: वाढू दे. पाच स्वस्त मूर्ती करण्यापेक्षा एक नीट कर.

मग मी त्यांच्यासमोर टिपणातला माझ्या सगळ्यात आवडीचा भाग ठेवला. परळचा शिव.

१९३१ मध्ये परळ ते शिवडी रस्ता करताना जमिनीतून एक भलीमोठी शिळा निघाली. साधारण साडेतीन मीटर उंच, सहाव्या शतकाच्या आसपासची. तिच्यावर शिवाच्या सात आकृत्या आहेत. मधल्या रांगेत एकावर एक तीन, दोन्ही बाजूंना दोन-दोन. खालचा शिव शांत उभा आहे. त्याच्या खांद्यांमागून दुसरा निघतो, दुसऱ्यामागून तिसरा, आणि बाजूंचेही मधल्यातूनच उमलून बाहेर झुकतात. पायाशी वाद्यं घेतलेले गण बसले आहेत. मूळ शिळा परळमध्येच बारादेवीच्या देवळात आहे. तिचा प्लास्टरचा साचा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात आहे. म्हणजे एकच शिव दोन ठिकाणी आहे, एकीकडे पूजेत, दुसरीकडे प्रदर्शनात. आमच्या वादाला याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

मामा: साडेतीन मीटर म्हणजे माझ्या हाताला खालचा शिव आणि दुसऱ्याचा पोटापर्यंतचा भाग लागेल. तिसरा छताकडे.

मी: म्हणून तीन गोष्टी करायच्या. सबंध शिळेची दोन्ही हातांच्या कवेत मावेल एवढी लहान प्रतिकृती. ती आधी हाताळायची, म्हणजे रचना कळते. मग एका जागेचा खऱ्या मापाचा तुकडा, खालच्या शिवाचा खांदा आणि त्यातून निघणारा दुसरा. आणि शेवटी मूळ शिळेची उंची कळावी म्हणून भिंतीलगत एक दोर, गाठी मारलेला. पहिली गाठ पहिल्या शिवाच्या मस्तकाशी, पुढची दुसऱ्याच्या. तिसरी गाठ हात वर करूनही लागत नाही.

मामा: दोर चांगला आहे. ठेव तो. पण खांद्याची जागा का निवडलीस?

मी: कारण डोळसांचंही तिथंच अडतं. एका नजरेत सात शिव दिसतात, आणि माणूस मोजून पुढं जातो. एकातून दुसरा निघतोय ही क्रिया फार थोड्यांच्या लक्षात येते. हाताला मात्र शिल्प एकदम कधीच मिळत नाही, क्रमानंच मिळतं. बोट खालच्या शिवाच्या दंडावरून वर जातं, खांदा येतो, आणि खांदा संपायच्या आत दुसऱ्याची छाती सुरू झालेली असते. मधे फट नाही. घडवणाऱ्याला जे दाखवायचं होतं, ते बोटांना डोळ्यांच्या आधी कळेल असं मला वाटतं.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, हे टिपणाच्या पहिल्या पानावर घे. धुपाच्या जागी.

मामा: आता तुटक्या भागांचं बोल. प्रतिकृतीत तुम्ही तुटलेला हात जोडून देणार?

मी: मतं दोन आहेत. काहींना वाटतं, बोटांना तुटकी कड लागली की गोंधळ होतो, म्हणून पूर्ण करून द्यावं.

मामा: अजिबात नको. तुटलेलं तुटलेलंच दे. घारापुरीच्या शिल्पांचे हातपाय तुटलेले आहेत हा त्यांच्या इतिहासाचा भाग आहे. तो डोळस माणसाला दिसतो, मग माझ्यापासून का लपवायचा? फक्त सांग, की ही कड घडवलेली नाही, मोडलेली आहे. घडवलेल्या कडेला गोलाई असते, मोडलेली बोचते. दोनदा सांगितलंस की तिसऱ्यांदा मी ओळखेन.

पुढचा विषय मामांनीच काढला, आणि तो काढताना त्यांचा आवाज जरा कडक झाला.

मामा: एका ठिकाणी, नाव सांगत नाही, मला एका देवीच्या मूर्तीला हात लावू दिला. बरोबर एक तरुण मुलगा होता, सभ्य. कमरेपर्यंत हात जाऊ दिला, मेखला दाखवली, आणि मग माझं मनगट धरून एकदम मुकुटावर नेलं. मधली सगळी मूर्ती गायब. त्याला लाज वाटली. मागं दोन जण हसल्याचंही मला ऐकू आलं.

मी: त्या मुलाला कुणी शिकवलं नसणार.

मामा: नसेलच. पण डोळस माणूस तीच मूर्ती समोर उभा राहून पाच मिनिटं बघतो, त्याला कुणी नजर वळव म्हणत नाही. माझ्या हाताचं तेवढं सेन्सॉर होतं. देवीची छाती उन्नत घडवली आहे ती तिच्या मातृत्वाची, तिच्या बळाची खूण म्हणून. ती काढून घेतली तर मला उरते कंबर आणि टोपी.

मी: पण मामा, दुसरी बाजूही आहे. अशा अंध बायका आहेत, आणि पुरुषही, ज्यांना देवीच्या अंगाला असा हात लावणं मनापासून नको वाटतं. काहींना मूर्तीच्या मस्तकाला हात लावायचा नसतो, पायांपासूनच सुरुवात करायची असते. थायलंडमध्ये बुद्धाच्या मस्तकाला हात लावणं अनादर मानतात. आपल्या दालनात बुद्ध, तीर्थंकर, देवी सगळे असणार. एकच पद्धत सगळ्यांना लावता येणार नाही.

मामा: बरोबर. म्हणून आधी शब्दांत सांगायचं. मूर्ती अशी आहे, वस्त्र इथं आहे, इथं नाही. तुम्ही कुठून सुरू कराल? मग हात त्याचा, मर्जी त्याची. मनगट धरायचं नाही. फार तर कोपराला हलका आधार.

मी: एकांतही हवा. मागं रांग असेल तर कुणाचाही हात आखडतो.

मामा: आणि वेळ. तुम्ही सात मिनिटांत एक मूर्ती दाखवता. मला एका मूर्तीला अर्धा तास लागतो.

चित्रांवर मात्र आमचं शेवटपर्यंत जमलं नाही. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयानं २०१५ मध्ये आपल्या काही चित्रांच्या रंगीत, उंचवट्याच्या प्रतिकृती स्पर्शासाठी ठेवल्या होत्या. त्यातलं एक चित्र कोरेज्जोचं. पुनरुत्थित येशू मेरी मॅग्डालीनला आपल्याला स्पर्श करू नकोस असं सांगतो, तो प्रसंग. स्पर्श नाकारणारं चित्र स्पर्शासाठी खुलं केलं, ही निवड मला धीट वाटते. मामांना ती पटेना.

मामा: चित्रातला माणूस तिरका बसलेला असतो. डोळ्याला तो तिरका दिसतो, पण त्याचाच उंचवटा केला तर माझ्या बोटाला एक गाल रुंद आणि एक चेपलेला लागतो. मला तो माणूस विद्रूप वाटतो. हे चित्राचं भाषांतर नाही, चित्राचा अपघात आहे.

मी: बोलोन्यात कावात्सा संस्थेचं आंतेरोस संग्रहालय आहे, तिथं रेनेसाँसच्या चित्रांची उठावशिल्पं करतात. पण ती नुसती पुढं ठेवत नाहीत. शिकलेला माणूस शेजारी बसून हात, शब्द आणि पाहुण्याचं स्वतःचं शरीर या तिन्हींतून चित्र समजावतो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणि घ्या. त्या भित्तिचित्राला कुणीच हात लावू शकत नाही, लावूही नये. पण मी तुम्हाला तसं उभं करू शकते. उठा. भार एका पायावर टाका. दुसरा गुडघा सैल. कंबर बाजूला जाऊ द्या. आता खांदे उलट बाजूला. मान पुन्हा पहिल्या बाजूला, किंचित खाली. उजव्या हाताच्या बोटांत नीलकमळाचा देठ आहे, घट्ट धरायचा नाही.

मामा उभे राहिले. दोनदा तोल गेला, तिसऱ्यांदा जमलं.

मामा: हां. हा माणूस कुणाचं तरी ऐकतोय.

मी: मग?

मामा: मग हेच कर. उंचवट्याचं चित्र मला नको. मला उभं कर.

मी: जन्मांध माणसाला तेही पुरेल का? तुम्ही चाळिशीच्या जवळपास येईपर्यंत जग पाहिलंय. ‘तिरकं’ म्हणजे काय हे तुम्हाला आठवतं. त्याला उंचवट्याचं चित्र वेगळ्या कारणासाठी हवं असेल. सगळे जग चित्रात बघतात म्हणजे नक्की काय करतात, हे त्याला कदाचित त्यातूनच कळेल.

मामा: असेल. त्याला विचार. माझ्यावरून सगळ्यांचं ठरवू नकोस.

एका गोष्टीवर मी फार वेळ घेतला नाही, कारण वाद नव्हता, पण टिपणातल्या सगळ्या गोष्टींत ती सर्वात आधी अमलात येऊ शकते. दृष्टिबाधित म्हणून येणाऱ्या बहुतेकांना थोडं तरी दिसतं. काळ्या दगडाची मूर्ती काळोख्या कोनाड्यात ठेवली की त्यांच्यासाठी ती नाहीच. मागं फिकट भिंत, बाजूनं झुकता प्रकाश, न चमकणारी काच, मोठ्या अक्षरांची पाटी आणि तीही वाकून नाक तिच्याजवळ नेता येईल अशा जागी. ब्रेल हवं, पण उतारवयात नजर गेलेल्यांपैकी अनेकांना ब्रेल येत नाही, म्हणून आवाजही हवा. याला फार पैसे लागत नाहीत.

मामा: एक शेवटचं, इतिहासाचा मास्तर म्हणून. आपल्या देशात ‘स्पर्श करू नये’ ही पाटी नुसती जतनासाठी लागलेली नाही. १९४७ मध्ये पंढरपूरचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. देवाला कुणाचा हात लागायचा, हा इथं हक्काचा प्रश्न होता. संग्रहालयवाल्यांनी पाटी लावताना हे लक्षात ठेवावं.

मी: संग्रहालयात मात्र कुठल्याही जातीचा माणूस देवासमोर उभा राहून हवा तेवढा वेळ बघू शकतो, ही गोष्ट लहान नाही मामा. तिकीट काढलं की झालं.

मामा: नाहीच लहान. पण ती समता डोळ्यांपुरती आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, २९ व्या कलमात, दिव्यांगांसाठी कला सुगम करणं हे सरकारचं काम म्हणून लिहिलंय. तू तुझ्या टिपणात विनंती करतेस. विनंती कशाला? कलम लिही.

मी कलम लिहिलं. दोर ठेवला, खांदा पहिल्या पानावर घेतला, धूप गेला. मूळ मूर्तींची यादी आणि उंचवट्याची चित्रं यांवर आमचं एकमत नाही, म्हणून टिपणात दोन्ही मतं मांडली आहेत आणि त्यांखाली एक अट. संग्रहालयानं निर्णय घेण्याआधी किमान काही जन्मांध, काही नंतर नजर गेलेले आणि काही अंधुक दिसणारे, भाविक आणि नास्तिक, बायका आणि पुरुष असे लोक बोलवावेत, त्यांना कामाचं मानधन द्यावं, आणि पहिला नमुना त्यांच्या हातात देऊन सांगतील तसा बदलावा.

मामा: आणि परळच्या शिवाचा खऱ्या मापाचा अजून एक तुकडा करायला सांग.

मी: कुठला? वरचं मस्तक?

मामा: नाही. खालचे गण. माझ्या विद्यार्थ्यांतले निम्मे तबला-पेटी वाजवणारे. त्यांच्या हातातली वाद्यं कोणती, आणि ती धरलीत कशी, हे ती मुलं तुम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं सांगतील.